हेवी सेट

३ जानेवारी, शनि.
जीपच्या मागच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगचे पट्टे, पार बसल्या. आज ग्रुपबरोबर बदलापूरच्या पुढे गेलो होतो, नाल्यात जीपचं पोट घासलं. देवेन सगळ्यांसमोर म्हणाला, सुहासची म्हैस बसली रे पाण्यात. सगळे हसले, मीही हसलो. पण बोरिवलीला पोचेपर्यंत तेच डोक्यात. शेहेचाळिशीचा घोडा झालो तरी असलं लागतं मनाला.

नीलमला सांगितलं, कमानी बदलाव्या लागणार. ती म्हणाली, बदल की, पण आईंना चढता येईल असं काहीतरी बघ. शिमग्याला आम्ही तिघं याच गाडीने गावी जाणार आहोत. घराकडे पालखी येते तेव्हा आईला उंबऱ्यात उभं राहायचं असतं. दरवर्षीचं आहे ते.

८ जाने.
ऑफिसातून लवकर सटकून कांजूरमार्गला कदम कमानवाल्याकडे. त्याने तीन वाटा सांगितल्या. जुन्याच पट्ट्यांना बाक देऊन घ्यायचा, पण ते वर्षभरात पुन्हा बसणार. नाहीतर तीन पट्ट्यांचा नरम सेट. खड्ड्यात गाडी डुलते, माणसाला लागत नाही, पण उंची फारशी वाढत नाही. नाहीतर हेवी सेट. पट्टे जास्त, गाडी चांगली वर उचलते, मोठे टायर आरामात बसतात. पण तो वजनाला बनलेला. रिकाम्या गाडीत उडवणार.

कदमने एकच विचारलं, वजन किती टाकणार साहेब? मी म्हटलं, मागची दोन्ही बाकं फुल, गावचा रस्ता, वर कॅरिअरला सामान. तो म्हणाला, मग हेवीच घ्या.

आम्ही घरात तीन माणसं. मागची बाकं वर्षातून एकदा भरतात, तीही गणपतीत. मला जे उत्तर हवं होतं तसं त्याला सांगितलं, आणि उत्तर मिळाल्यावर असा खूश झालो जसा काही त्यानेच सुचवलं.

१३ जाने.
अजून नरम की हेवी चाललंय. डब्याच्या वेळीसुद्धा तेच. नरम सेट शहाणा आहे, कळतं. पण नरम सेटवर गाडी बाजूला उभी केली तर देवेनच्या गाडीच्या खांद्यापर्यंतच येईल. हेवी म्हणजे डोक्याला डोकं.

सुनंदाताईचा फोन आला मुलुंडहून. तिळगूळ कधी देताय वगैरे झालं. मग गाडी. "सुहास, आई चौऱ्याहत्तरची आहे, तिला त्या डबड्यात कोंबून गावी नेऊ नकोस, गाडी विकून टाक नि एखादी चांगली चारचाकी घे." मोठी बहीण आहे, बोलणारच. मी म्हटलं बघू.

१८ जाने., रवि.
आज जाऊन सेट बसवणार होतो. आई म्हणाली अमावस्या आहे, लोखंडाला हात लावू नको. थांबलो. मग तिने जुन्या पट्ट्यांचं विचारलं. "एक पट्टो माका ठेव. गावच्या लोहाराकडसून कोयती करून घेतंय." तिची आत्ताची आडाळी, म्हणजे विळी, बाबांनी करून आणलेली, ट्रकच्या कमानीची. गिरण बंद पडल्यावर गावी वर्षभर राहिले तेव्हा. अजून नारळ लोण्यासारखा किसते. आईला कमानीतलं बरंच कळतं म्हणायचं.

२४ जाने., शनि.
बसला हेवी सेट, पुढे-मागे दोन्हीकडे. झकास दिसतेय गाडी. उभ्या उभ्या चार फोटो टाकले ग्रुपवर. देवेनचा अंगठा आला, खाली लिहिलं, म्हैस उठली.

कदमने मागे रेतीची पोती टाकून दिली. म्हणाला आठवडाभर काढू नका, पट्टे एकमेकांवर बसू देत, तोवर रिकामी पळवू नका. एक जुना पट्टा आईसाठी आणलाय, बाल्कनीत ठेवला.

पुढच्या सीटवर चढताना आता माझंच ढोपर वर जातं. नीलमने दाराची दांडी धरून, एकदा प्रयत्न करून, मग माझ्याकडे नुसतं बघितलं. आईंचं काय, असं होतं ते बघणं. मी म्हटलं मागे लोखंडी पायरी आहे, आई मागून चढेल.

२५ जाने., रवि. रथसप्तमी.
आईच्या पाठीत भरलंय. झोपून आहे. नंतर लिहीन.

२६ जाने.
एक्स-रे काढला. कमरेच्या वरचा मणका दबलाय. डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ आहेत, दोन-तीन महिने पट्टा लावून राहा, प्रवास बंद, वाकणं बंद. शिमगा गेला.

डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात आजी? आई म्हणाली, "न्हाणयेत घसारलंय." माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिथेच उभा होतो तिची फाइल धरून. 

इथे तरी लिहायला हवं.

काल सकाळी आई म्हणाली, आज रथसप्तमी, सूर्याच्या रथाची पूजा असते, तुझ्या रथाची पण करून घेऊया देवीच्या देवळात. नीलम वाकोल्याला बहिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती, शेवटचा दिवस म्हणून. मी गाडी धुतली. पूजेची गाडी स्वच्छ नि मोकळी पाहिजे, बाबांचं तसंच असायचं. आई मोरपंखी साडी नेसून आली, लग्नाकार्यातली. मागे बघितलं तर रेतीची पोती, सगळीकडे रेती सांडलेली. साडी खराब होईल म्हणून सगळी पोती उतरवून पार्किंगच्या भिंतीला लावली. कदमचं आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. म्हटलं एका फेरीने काय होतंय.

गोराईच्या अंगाला टेकडीवरच्या देवीला गेलो, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. इथवर ठीक होतं. येताना डांबरी रस्त्याने यायचं सोडून मी उतरणीच्या कच्च्या वाटेला घातली. कशाला? आईला दाखवायला. आईला! ती मागच्या बाकावर, बरोबर चाकावर, एकटी, वजन ते केवढं. "हळू रे झिला," म्हणाली एकदा. मी म्हटलं, बघ तर खरी आता कशी उडी घेते. एक दगडी पायरीसारखी होती. पुढची चाकं उतरली, मागची उतरली नि मागून लाथ मारल्यासारखी गाडी उसळली. आरशात आई दिसली, सीटवरून वर गेलेली आणि मग खाली. "आई गं" एवढंच. हळू म्हणाली.

घरापर्यंत बाकाची दांडी घट्ट धरून बसली. उतरताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उतरली. संध्याकाळी कूस बदलता येईना. नीलम आली तेव्हा मी किचनमध्ये पाणी तापवत होतो. आतून आईचा आवाज ऐकला, न्हाणयेत घसारलंय गो. तिने मला वाचवलं, आणि मी वाचलो. दारातसुद्धा गेलो नाही तेव्हा.

२८ जाने.
रजा. आईला चमच्याने पेज दिली. म्हणाली, "सुनंदाक कळला तर ती तुका गाडी विकूक लावतली." म्हणून खोटं बोलली. माझ्या गाडीसाठी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, मणका दबलेला, आणि डोक्यात माझी गाडी.

लाज वाटते. नुसतं लिहून काय होणार, पण वाटते.

१ फेब्रु., रवि.
ताई आली मुलुंडहून. आईजवळ बसून रडली. मग बाहेर येऊन नीलमवर सुरू झाली. सकाळी बाथरूम फिनेलने कोणी धुतलं होतं? नीलम म्हणाली मी. धुऊन तशीच गेलीस ना हळदीकुंकवाला? नीलम म्हणाली, पुसून गेले होते. ताई म्हणाली, "पुसली असतीस तर आई घसरली नसती. एक म्हातारं माणूस सांभाळायचं घरात, तेवढं होत नाही का गं?"

नीलम उठून आत गेली. कुकर लावला. अठरा वर्षांत आईला तिने कधी उलट उत्तर दिलेलं नाही. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला रजा तिने टाकली होती, मी नव्हे, ताईही नव्हे.

मी सोफ्यावर बसलो होतो. ताईला म्हटलं, जाऊ दे गं, झालं ते झालं. म्हणजे काय केलं मी? माफ केल्यासारखं बोललो! नीलमला माफ केलं! थू आहे.

४ फेब्रु.
नीलम नेहमीसारखी. आईला पट्टा बांधते, केस विंचरते. बाथरूममध्ये कोणी जाऊन आलं की कोरड्या फडक्याने फरशी पुसते. मी गेलो तरी पुसते. काल म्हटलं राहू दे, वाळेल. म्हणाली, "नको बाबा, परत माझ्यावर यायचं."

पार्किंगमध्ये जाऊन जीपच्या मागच्या बाकावर बसलो थोडा वेळ. पोती अजून भिंतीला तशीच. वॉचमनने विचारलं, ही उचलू का साहेब, मांजर घाण करतंय. म्हटलं राहू दे.

८ फेब्रु., रवि.
ताईने काकीला सांगितलं, काकीने गावी. आज चुलतभावाचा फोन, वहिनीला सांग लादीवर लक्ष ठेवायला. वहिनीला सांग म्हणे. तोंडाला येईल ते बोलतात लोक. आणि मी हो हो म्हणतो.

देवेनचा मेसेज, पुढच्या रविवारी माळशेजच्या बाजूला, येतोस का नवीन सेट दाखवायला. लिहिलं, आईला बरं नाही. ते खरंच होतं. खरं बोलायला एवढी एकच जागा उरली.

त्या दिवशी देवळाबाहेर काढलेला फोटो फोनमध्ये आहे. हार घातलेली जीप, मागे आई, मोरपंखी साडीत, हात उंचावून. हसतेय. आज डिलीट करायला गेलो, अंगठा ठेवला, नाही केला.

१० फेब्रु.
हे सगळ्यात वाईट.

सकाळी आई म्हणाली, ताईला ती खरं सांगते. "नीलमक कित्याक ऐकूक लावतंस? मी सांगतंय सुनंदाक." नीलम तेव्हा खाली दूध आणायला गेली होती. मी काय म्हणालो? म्हणालो, आता कशाला आई, पंधरा दिवस झाले, आता सांगितलंस तर तूच खोटी ठरशील. तिच्या नावावर ढकललं. जसं काही मला तिची अब्रू जपायची होती.

 आई भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या पाठीकडे बघवत नाही.

१४ फेब्रु.
कमानी बदलायच्या. हेवी सेट गाडीखाली ठेवायचाच नाही. पण गंमत अशी, म्हणजे गंमत नाहीच, की बदलल्या तर नीलम विचारणार का. तीन आठवडे तिच्यापुढे हेवी सेटचं गुणगान केलं मी. गावचा रस्ता, वजन, उंची. आता एकदम नरम कशाला? उत्तर एकच आहे.

नाही बदलल्या तर आई पुन्हा कधी त्या गाडीत बसणार नाही. बदलल्या तर पकडला जाणार. असा अडकलोय. स्प्रिंग निवडताना माणसाला घाम फुटावा!

१७ फेब्रु., मंगळ.
नीलमला सांगितलं ऑफिस, गेलो कांजूरमार्गला. कदमला म्हटलं हेवी काढ, तीन पट्ट्यांचा टाक, मागचे शॉकअप पण नरम बघ. त्याने विचारलं, काय झालं साहेब, वजन नाही पडत? म्हटलं नाही पडत. तो म्हणाला, मग तेव्हा का फुल फॅमिली बोललात? मी हसलो. त्याने पुन्हा विचारलं नाही, त्याला दुसरा टेम्पो होता.

दुपारभर टपरीवर बसलो. यू-बोल्ट सुटताना, जुना सेट जमिनीवर पडताना बघत होतो. तेवढं लोखंड, आणि आईचा मणका. परत येताना मुद्दाम प्रत्येक गतिरोधकावरून गेलो. गाडी वर जाते, खाली येते, झोपाळ्यासारखी. मागे कोणी असतं तर कळलंही नसतं. हे मला तेव्हाही करता आलं असतं. कदमने तेव्हाच सांगितलं होतं. जोगेश्वरी-विक्रोळी रोडवर, सिग्नलला, रडू आलं. शेजारच्या रिक्षावाल्याने बघितलं, तोंड फिरवलं.

घरी आल्यावर सांगितलं, सांध्यातले रबरी बुश खराब होते, बदलून घेतले.

२१ फेब्रु., शनि.
आईचा फेर-एक्स-रे. आईला आणायला-न्यायला टॅक्सी केली होती. रिपोर्ट आणायला संध्याकाळी मी नि नीलम जीपने गेलो.

ती दार उघडून बसली. अशीच. दांडी न धरता. बसल्यावर थांबली, खाली पायाकडे बघितलं. "पाय पोचला," म्हणाली.

मी गाडी सुरू केली.

"कमानी बदलल्यास तू. बुश नाही."

मी हो म्हणालो.  वॉचमनने गेट उघडलं. मग ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "त्या दिवशी आईंची साडी मीच सोडली रे. फरशी ओली होती ना म्हणे? साडी कोरडी ठणठणीत होती. मागे सगळी रेती लागलेली."

गाडी तशीच गेटमध्ये. मागून कोणीतरी हॉर्न देत होतं.

पहिल्या दिवसापासून. पहिल्या संध्याकाळपासून तिला माहीत होतं. ताई बोलत होती तेव्हा माहीत होतं. काकी, चुलतभाऊ, फरशी, फडकं, सगळं होत असताना तिला माहीत होतं, आणि ती थांबली होती. मी बोलेन म्हणून. मी बाजूला सोफ्यावर बसून जाऊ दे गं म्हणालो तेव्हासुद्धा.

विचारलं, तू का नाही बोललीस? म्हणाली, "मी का बोलू? माझं काय त्यात?"

दवाखान्यात रिपोर्ट घेतला. मणका आणखी दबलेला नाही. तेवढंच बरं झालं. येताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोनदा सॉरी म्हणालो. दुसऱ्या वेळी म्हणाली, मला नको सांगूस, मला माहीतच आहे.

२२ फेब्रु., रवि.
झोप नाही. ताईला फोन लावला, उचलला तिने, मी विचारलं जेवलीस का. ठेवला.

२५ फेब्रु.
आईशी बोललो. सांगितलं, नीलमला कळलंय. आई म्हणाली, "माका म्हायत हा. तिनाच माका सांगल्यान, आई, तुमी काय बोलू नका, त्याका बोलांदे." म्हणजे दोघींचं ठरलेलं. दोघी माझी वाट बघतायत. आई खोटं बोलली माझ्यासाठी, नीलमने ऐकून घेतलं माझ्यासाठी, आणि आता दोघी थांबल्यात. रागावल्या असत्या तर सोपं होतं.

पोती आज पुन्हा गाडीत टाकली. नरम सेटलाही बसायला वजन लागतं, कदम म्हणाला होता. यावेळी आठवडाभर काढणार नाही. एवढं तरी.

२८ फेब्रु., शनि.
ताईचा फोन. उद्या येते. बाथरूमसाठी रबरी मॅट घेतलीय तिने, खालून चिकटणारी, घसरत नाही. "नीलमला म्हणावं जुनी पायपुसणी काढून टाक. मी स्वतः अंथरून जाईन." फोन स्पीकरवर होता. नीलम भाजी निवडत होती. मान वर केली नाही तिने.

शिमग्याला आई नाही. पालखी घरी येईल तेव्हा चुलतभावाची बायको उंबऱ्यात उभी राहील. आईने तिला फोनवर सगळं समजावलं, ओटीत काय काय, नारळ कुठला. फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, पुढल्या वर्षी जाऊया तुझ्या गाडयेतनां. गाडीतूनच म्हणाली.

१ मार्च, रवि.
ताई आली. मॅट हिरवी आहे, गुंडाळी करून आणली. चहा झाला. आईची पाठ बघितली, पट्टा नीट लावत नाही म्हणून नीलमला पुन्हा थोडं ऐकवलं. नीलमने पट्टा सोडून पुन्हा लावला.

मी बेडरूममध्ये येऊन हे लिहितोय. तोंडात वाक्य आहे. ताई, फरशी कोरडी होती. एवढंच आहे. सकाळपासून इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता ते मलाच खोटं वाटायला लागलंय.

बाथरूममधून ताई हाक मारतेय. मॅट कोपऱ्यात बसत नाहीये, कापावी लागेल, सुहास, कात्री घेऊन ये.

नीलम दारात आलीय. कात्री तिच्याच हातात आहे. तिला जायला कितीसा वेळ लागला असता, पण ती गेलेली नाही. मुठीकडची बाजू माझ्याकडे करून उभी आहे.  पलीकडच्या खोलीत आईचा रेडिओ चालू होता, तो पण आत्ता बंद झाला.

जातो.